गांडूळ खरं, बेडूक खोटा

गळाला गांडूळ लावून मासे धरणारा माणूस फार तर अर्धा खोटारडा असतो. गळ लपवतो हे कबूल. पण गांडूळ तरी खरं असतं. माशाने ते गिळलं तर मरता मरता का होईना, त्याच्या तोंडात काहीतरी पडतं. व्यवहार लबाडीचा, पण अगदीच कोरडा नव्हे.

रबरी बेडकाचं तसं नाही. तो आतून पोकळ, बाहेरून हिरवा. डोळे रंगवलेले, आणि पाय म्हणून मागे दोऱ्यांच्या झिरमिळ्या. त्याला चव नाही, वास नाही, जीव नाही. असला बेडूक पाण्यावर नाचवून मासा धरणं नीतीला धरून आहे की नाही, हा प्रश्न मला गेलं वर्षभर छळतो आहे. तुम्ही म्हणाल, ह्या वयात माणसाला दुसरे प्रश्न नसतात का? असतात ना. गुडघ्यांचा आहे, कांद्याच्या भावाचा आहे. पण गुडघे डॉक्टरांवर सोडता येतात आणि कांद्याचा भाव देवावर. बेडूक माझ्याच पिशवीत आहे.

तो तिथे आला माझ्या भाच्यामुळे. भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. रविवारी हा गृहस्थ तळ्याच्या काठावर उभा राहून 'बास' नावाचा मासा धरतो, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतो आणि त्याला परत पाण्यात सोडून देतो. हे ऐकून आमची ही म्हणाली, "मग धरतो कशाला? नुसता फोटो काढावा." ह्या माशाचं नाव बास कोणी ठेवलं कोण जाणे. पंगतीत आपण पानावर हात आडवा धरून जे म्हणतो, ते ह्या प्राण्याला जन्मात ठाऊक नाही. मासा, बेडूक, खेकडा, जे समोरून जाईल ते आत.

तिकडे म्हणे तळ्याच्या कडेला कमळाची ताटाएवढी पानं पसरलेली असतात. पानाखाली सावली, सावलीत बास. काठावरून बेडूक एखाद्या पानावर फेकायचा, पानावरून अलगद पाण्यात घसरू द्यायचा, दोन बारीक हिसके द्यायचे आणि पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग एकदम खालून स्फोट होतो. ह्या विद्येचा एक मूळपुरुषही त्याच राज्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोवाजियाक गावी जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ पाण्याकाठी कोणाची तरी वाट बघत चाकूने लाकूड तासत बसला होता. उठताना त्याने तो तुकडा पाण्यात भिरकावला आणि एका बासने तो हवेत उडवला, अशी कथा तिकडे सांगतात. न्यूटनला सफरचंद, हेडनला ढलपी! पुढे त्याने ह्या ढलप्यांचा कारखानाच काढला.

आता विंचूरला बास कुठला? आमचं गाव नाशिक-संभाजीनगर रस्त्यावरचं. इथे कांद्याचा उपबाजार आहे, द्राक्षं आहेत, आणि २००१च्या धोरणानंतर द्राक्षांच्या वाइनचं पार्कही आलं आहे. जवळच नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा आहे. १९८६ साली तिथे पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि २०२० साली ते रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे गळ घेऊन जाणं म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आपला पाट मांडणं. म्हणून मी शिवारातल्या एका जुन्या पाझर तलावावर जातो. अर्ध्या पाण्यावर कमळाची पानं, अर्ध्यावर पाणवेली, आणि खाली आमची बास, म्हणजे मरळ.

मरळ हे काय प्रकरण आहे ते ज्याने तिला बाजारात टोपलीत बघितलंय त्याला माहीत आहे. पाण्याबाहेर काढून तास झाला तरी गिऱ्हाइकाकडे डोळे रोखून बघत असते. हवा गिळायला ती मधूनमधून पाण्यावर तोंड काढते. तळं आटलं की चिखलात दडून दिवस काढते. तिच्या डोक्यावरून बेडूक गेला की मात्र तिचा संयम संपतो.

हा संयम संपण्याचा प्रकार बघण्यासारखा असतो. इतका वेळ पानाखाली दबा धरून बसलेली, कोणाला न दिसणारी मरळ आडोसा सोडून अशी काही धावून येते की तिला मूर्खच म्हणावं. पण तसं म्हणायची आमच्या गावात जरा पंचाईत आहे. ज्यांच्यामुळे गावाचं नाव इतिहासात गेलं ते विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्या चालल्या असताना विंचूरकर आणि गायकवाड यांच्या घोडदळाला राहवलं नाही, ते गोल सोडून शत्रूवर तुटून पडलं आणि त्यामुळे पुढचा सगळा बेत बिघडला, असं काही इतिहासकार लिहितात. तेव्हा मरळीविषयी मी 'शूर' एवढाच शब्द वापरतो.

आता नीतीकडे वळू. कीर्तनकारांनी ह्या बाबतीत माशाची फार बदनामी करून ठेवली आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यांत मासाही आहे. त्याच्याकडून शिकायचं काय, तर जिभेचे चोचले पुरवणारा गळाला लागतो. नाथमहाराजांनी ह्याच स्कंधावर टीका लिहिली. त्यांचं पैठण ह्याच गोदावरीच्या काठी, आमच्या खालच्या अंगाला. म्हणजे पाणी तेच आणि आरोपीही तोच. शेकडो वर्षं मासा लोभी ठरला आहे. ह्या निकालाचा फायदा कोणाला झाला? गळ टाकणाऱ्याला. मासा लोभी ठरला की आपण सुटलो. त्याने तोंड आवरायला हवं होतं!

गांडुळाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. आमच्या भागात द्राक्षांच्या हंगामात असा एखादा व्यापारी येतो. बाजारापेक्षा किलोला दोन रुपये जास्त. पहिली गाडी रोख, दुसरी गाडी रोख, वर चहा आणि मुलाबाळांची चौकशी. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गाडीचे पैसे 'सोमवारी'. तो सोमवार पंचांगात नसतो. ह्यात पहिल्या दोन गाड्यांची रोकड हे गांडूळ. ते खरं होतं. गाव मग चहा पीत म्हणतं, "दोन रुपयांचा लोभ नडला." डोक्यावर सोसायटीचं कर्ज असलेल्या माणसाला दोन रुपये जास्त हवे असणं ह्याला लोभ म्हणायचं की हिशेब, हा वाद मी पाटीवरच्या हॉटेलात अनेकदा घातला आणि अनेकदा हरलो. पण निदान वादाला जागा आहे. काहीतरी हवं होतं, म्हणून तोंड उघडलं.

रबरी बेडकाने ही सगळी व्यवस्था मोडली, आणि ती मोडल्याचं मला तळ्यावरच्या एका म्हाताऱ्याने दाखवलं. हा म्हातारा लहानपणापासून तिथे मासे धरतो. त्याच्याकडे काठी, तंगूस आणि गळ. रीळबीळ काही नाही. मागच्या पावसाळ्यात माझा बेडूक त्याने हातात घेतला, उलटासुलटा केला, हुंगला आणि परत दिला. मी पानांच्या कडेला फेकणार तेवढ्यात म्हणाला, "तिथं नका टाकू, नाना."

"का? दिसतेय की तिथे हालचाल."

"ती लाल बघा."

बघितलं. कमळाच्या दोन पानांमध्ये पाण्याखाली मूठभर कुंकू कालवल्यासारखं काहीतरी हलत होतं. क्षणात पसरायचं, क्षणात गोळा व्हायचं. ती मरळीची पिल्लं. शेकड्यांनी एकत्र फिरतात, हवा घ्यायला सगळी मिळून वर येतात, आणि त्यांच्या खाली हातभर अंतरावर आईबाप पहाऱ्यावर असतात.

"ह्या टायमाला कायबी टाका, घेती ती," म्हातारा म्हणाला. "पर तिला भूक नसती. राग असतो."

एवढं बोलून त्याने बिडी पेटवली. मी मात्र काठी हातात घेऊन उभाच राहिलो. कीर्तनात सांगितलेला मासा हा नव्हे. हा जिभेसाठी मरत नाही. पिल्लांच्या डोक्यावरून एक परका बेडूक चालला आहे, त्याला हाकलायचं आहे, एवढ्यासाठी तो तोंड उघडतो. बेडकाला चव नसली तरी त्याचं काही अडत नाही, कारण खायचं कोणाला आहे? म्हणजे गांडूळ लावणारा माशाच्या दुर्गुणावर गळ टाकतो, आणि बेडूकवाला, निदान पावसाळ्यात, त्याच्या सद्गुणावर.

पुराणात माशाची ही बाजू आहे, फक्त ती कीर्तनात फारशी येत नाही. विष्णुपुराणातला सौभरी ऋषी बारा वर्षं पाण्यात तप करत होता. त्याच पाण्यात संमद नावाचा मोठा मासा मुलानातवंडांच्या गराड्यात मजेत हिंडत असे. ते बघून ऋषीचं तप ढळलं. तो पाण्याबाहेर आला आणि त्याने मांधाता राजाच्या पन्नास मुलींशी लग्न केलं. पन्नास जरा जास्त झाल्या, पण मुद्दा असा की माशाचा संसार बघून एका ऋषीलाही घरदार असावंसं वाटलं. त्या संमदावर कोणी रबरी बेडूक टाकला नाही हे नशीब.

भाचा म्हणतो, मामा, म्हणूनच आम्ही परत सोडतो. हे ऐकायला छान वाटतं. पण बासमध्येही नर अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा करतो. तो काठावर फोटोसाठी उभा असताना टपून बसलेले लहान मासे त्याचं घरटं साफ करतात. फोटो सुरेख येतो, घर मात्र बसतं.

उलट बाजूही मी मनाशी मांडून बघितली. मरळ काही संत नाही. जन्मभर खऱ्या बेडकांना दबा धरूनच खाते. आणि फसवाफसवी काय माणसानेच काढली? बगळा ध्यान लावतो. हिरवट बगळ्याची एक जात तर पाण्यावर पीस किंवा किडा टाकून मासे जवळ बोलावते, हे पक्षी बघणाऱ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. पण ह्या युक्तिवादाने माझं समाधान होत नाही. बगळ्याला दुपारचं जेवण दुसरीकडे मिळत नाही. मला घरी पिठलं-भाकरी तयार असते.

ह्या विचारात मी इतका अडकायचं कारण मासा नव्हे. आमचे एक स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाची काळजी केली. गेल्या वर्षी त्यांना दुपारी फोन आला. पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या मुलाला पकडलंय, प्रकरण मोठं आहे, आत्ता मिटवलं नाही तर रात्री कोठडी. मागे कोणीतरी "बाबा, बाबा" करून रडत होतं. मुलगा पुण्यात, त्याचा फोन लागेना. एका तासात त्यांनी पावणेदोन लाख रुपये पाठवले. संध्याकाळी मुलाचा फोन आला, "बाबा, मीटिंगमध्ये होतो, इतके फोन का केले?"

लॉटरी लागली, सोन्याचा हंडा सापडला असल्या थापांना हे गृहस्थ कधी बधले नाहीत. त्यांना गांडूळ दाखवून उपयोगच नव्हता. बेडूक टाकणाऱ्याला ते बरोबर ठाऊक होतं.

गावाने त्यांना मासाच केलं. "एवढे शिकलेले, बँकेत होते, अन् फसले?" तीनपाटीवर चहाला बसलं की कोणीतरी मोबाइल कानाला लावून "बाबा, बाबा" करायचं. हसण्यात दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. आपण फसलो नाही ह्याचा आनंद होता. पण ते चहाला यायचे बंद झाले. ज्याने फोन केला त्याच्याविषयी चार महिन्यांत कोणी वाईट शब्द काढलेला मी ऐकला नाही. उलट "काय डोकं आहे साल्याचं" असं दोन-तीनदा ऐकलं. मुलाचं रडणं ऐकून ज्याने आधी हिशेब केला असता, तो आमच्या गावात हुशार ठरला असता. अशा हुशार माणसाच्या शेजारी राहायला मला आवडलं नसतं.

गेल्या महिन्यात मी त्यांना बळेबळे तळ्यावर घेऊन गेलो. पाणी खाली गेलं होतं, लाल पिल्लांचा हंगाम केव्हाच सरला होता. मी पानांच्या कडेला बेडूक फेकत होतो. दोन तासांत एकदाच पाणी फुटलं. अशा वेळी एक, दोन म्हणेपर्यंत हात आवरायचा असतो. मासा बेडूक घेऊन खाली वळला की मग ओढायचं. पण मरळीने बेडूक थुंकून दिला होता. बहुधा तिला रबराची चव कळली.

ते म्हणाले, "बघू."

मी बेडूक त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने त्याचं पोट दाबलं. पोट आत गेलं तसे पाठीवरचे दोन गळ वर आले. अंगठा काढला, बेडूक फुगला, गळ पाठीलगत दिसेनासे झाले. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं पाच-सहा वेळा झालं.

"केवढ्याला मिळतो हा?" त्यांनी विचारलं.

"तिकडे आठ-दहा डॉलर."

त्यांनी बँकेतल्या सवयीने मनात रुपये केले.

"स्वस्त आहे," म्हणाले.