अवतरणाची साक्ष

गेल्या उपवासकाळात आमच्या वाचनमंडळात ख्रिस्तपुराणातील काही ओव्या वाचल्या जात होत्या. एक जुना शब्द अडला, तेव्हा एका तरुणाने संगणकावर शब्दकोश उघडला. अर्थ सापडला, शब्दाखाली ओवीची एक ओळही सापडली आणि ओळीच्या शेवटी ‘ख्रिपु’ हा संकेत व तीन आकडे. पुराण, अवस्वरू, ओवी. त्याने सहज विचारले, “फादर स्टीफन्सनी हे असेच लिहिले होते का?”

प्रश्न वरवर किरकोळ आहे. परंतु प्रामाणिक उत्तर द्यायचे म्हटले की मनुष्य अडखळतो. थॉमस स्टीफन्स यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, तरी पुराण तगले ते हस्तलिखितांत आणि श्रद्धावंतांच्या गळ्यांत. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती छापली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. म्हणजे दाते-कर्वे मंडळाचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा संपूर्ण पुराण छापील स्वरूपात मिळत होते ते रोमन लिपीतच. कोशातील अवतरण मात्र देवनागरीत आहे. मधले लिप्यंतर कोणी केले आणि कोणत्या नियमाने, हे अवतरण सांगत नाही.

लिप्यंतर ही निव्वळ यांत्रिक क्रिया असती तर आम्ही एवढे खोलात शिरलो नसतो. स्टीफन्सच्या रोमन लेखनात ‘अ’ आणि ‘आ’ एकाच अक्षराने लिहिले जातात. शब्दाच्या शेवटचा अनुनासिक ‘म’च्या रोमन अक्षराने दाखवला जातो. ते अक्षर पाहून ‘पहिलें पुराण’ लिहायचे की आजच्या नियमाने ‘पहिले’? १९६२ नंतरच्या लेखनात वाढलेल्या वाचकाला टिंब नसलेलेच बरे वाटते. पण त्या टिंबातच जुन्या मराठीचे नपुंसकलिंग आणि त्याचा नाकातला उच्चार जपलेला आहे. टिंब काढले की ओवीचा अर्थ तसाच राहतो. शब्दकोशाने जी साक्ष द्यायची तीच पुसली जाते. आणि अवतरणचिन्हांमुळे वाचक ती ओळ ग्रंथकाराची म्हणूनच वाचतो.

‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आज्ञा आपण न्यायालयापुरती आणि शेजाऱ्यापुरती मानतो. मृत ग्रंथकार हाही शेजारीच. त्याला उठून ‘मी असे लिहिले नाही’ असे म्हणता येत नाही, एवढाच फरक. पुराणात पाद्री बोलतो, त्याला प्रश्न विचारणारा ब्राह्मण बोलतो आणि सैतानही बोलतो. कोशात उतरताना बोलणारा गळून पडतो. उरतो फक्त ‘ख्रिपु’. सैतानाचे वाक्य स्टीफन्सच्या नावावर जमा होते! आम्हाला तर हा दोष शुद्धलेखनातील फेरफारापेक्षा गंभीर वाटतो.

उलट बाजूही दुबळी नाही. आमच्या मंडळातील एक भगिनी वैतागून म्हणाल्या, “इतकी चिन्हे आणि टिपा लावल्या तर ओवी म्हणायची कुणी?” खरे आहे. ओवी गाण्यासाठी रचली गेली. शिवाय रोमन लिपी ही स्टीफन्सची आवड होती असेही नाही. १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी देशी लिपीचे खिळे पाडून पुस्तके छापण्याची परवानगी मागितली होती. सहाशेच्या आसपास साचे लागतील ही अडचण त्यांनीच सांगितली आणि ते दोनशेवर आणता येतील हा उपायही. मग आज त्यांची ओळ देवनागरीत देणे ही प्रतारणा की त्यांच्या अपुऱ्या इच्छेची पूर्ती?

आम्ही पूर्तीच म्हणू, पण मनातली इच्छा आणि प्रत्यक्ष छापलेले पान एक नव्हे. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. ते अधिक ‘आपले’ वाटतात म्हणून त्यांनाच मूळ मानण्याचा मोह आम्हालाही होतो. तेथेच सावध राहायला हवे. कागदावर प्रत्येक ओळीला पैसे पडत, म्हणून जुन्या कोशकारांनी संक्षेप केला आणि तो क्षम्य होता. पडद्यावर तशी टंचाई नाही. वर रोमन ओळ जशीच्या तशी, खाली देवनागरी वाचन, बोलणाऱ्याचे नाव आणि ज्या आवृत्तीतून घेतले तिचे साल, इतके सहज मावते. १९०७ चे पुस्तक पाहून १६१६ लिहिणे मात्र आम्हाला पटत नाही.

तो तरुण आता अडलेले शब्द वहीत उतरवतो. प्रत्येक शब्दापुढे तो सालाचे दोन रकाने आखतो. दुसऱ्यात १९०७ लिहिलेले असते. १६१६ चा रकाना त्याने मोकळा ठेवला आहे.