चक्रवाकाचा जमाखर्च

एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, असे परंपरा सांगते. बकासुराकडे गाडाभर अन्नासोबत, ज्या घराची पाळी असेल त्या घरातील एक माणूसही जाई, ती कथा येथलीच मानतात. हिवाळ्यात येथून पूर्वेस, तापीवरील हतनूरच्या जलाशयाकाठी, नारिंगी अंगाचे आणि फिकट मस्तकाचे चक्रवाक जोडीजोडीने चिखलात चोच फिरविताना पाहिले, की मला हीच पाळी आठवते.

लडाख-तिबेटकडे हे जोडपे एका वेळी आठ-नऊ अंडी घालते. परंतु एकंदर संख्या स्थिर राहावयाची, तर जन्मभरात त्या दोघांमागे प्रजननापर्यंत सरासरी दोनच पिले टिकावयाची, आणि बाकीची थंडी, उपासमार, शिकारी प्राणी व हिमालयाची वाट यांच्या खर्ची पडावयाची. थवा वाढला की अन्न तोकडे पडून मृत्यू वाढतो, घटला की उरलेल्यांचे पोट भरते, आणि जमाखर्च पुन्हा जुळतो, असे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९५४ च्या ग्रंथात प्रतिपादिले.

ही व्यवस्था न्यायी म्हणावी की निर्दय? व्यवस्थेला संख्या दिसते. चक्रवाकाला मात्र एकच प्राण असतो. समष्टीचा समतोल हे व्यक्तीच्या दुःखाचे उत्तर नव्हे. नगर वाचते, एवढ्याने एकचक्रेत पाळी आलेल्या ब्राह्मणाच्या घराचे सांत्वन झाले नव्हते, म्हणूनच कुंतीने तो शिरस्ता न मानता भीमास धाडले. निसर्गाची पाळी मोडणारे आपण कोणी भीम नव्हेत; परंतु काठ बुजवून व जाळी लावून तिच्यात आपली जादा वसुली घालू नये, एवढा धर्म निश्चितच आपल्या हाती आहे.