वेंधळेपणा हा गुन्हा आहे काय?



दस्तरख्वानावर पाण्याचा पेला कलंडतो आणि साऱ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. मग तो त्याने सांडलेला असो वा नसो. काही मुलांना घरात, मकतबात, गल्लीत एक नाव पडलेले असते. वेंधळा, धांदरट, गबाळा. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. या मुलांच्या बाबतीत तेवढेही उरत नाही.

ज्या चुकीमागे हेतू नाही आणि आळसही नाही, तिच्यासाठी कोणाला दोषी धरता येते काय? तत्त्वतः आपण सारेच ‘नाही’ म्हणू. व्यवहारात मात्र रोज दोषी धरतो, आणि शिक्षा हसून देतो म्हणून ती शिक्षा वाटत नाही.

वैद्यकशास्त्रात या अडचणीला विकासात्मक समन्वय विकार म्हणतात. डिस्प्रॅक्सिया हे नावही प्रचलित आहे. ५ ते ११ वर्षे वयाच्या शंभर मुलांमागे साधारण ५ ते ६ जणांना ती असते, असे मानले जाते; म्हणजे चाळीस मुलांच्या मकतबात दोघे तरी असावेत. मुलाची बुद्धी शाबूत असते, हातापायांत बळ असते, दृष्टी ठीक असते. हालचालीची आखणी करून ती शरीराकडून नेमकी व वेळेवर करवून घेणे मेंदूला जड जाते, इतकेच. सदऱ्याची बटणे, बुटाची नाडी, तख्तीवरील अक्षर, चेंडूचा झेल, सायकल, जिन्याची पायरी – इतर मुले ज्या गोष्टी विचार न करता करतात, त्या प्रत्येकीसाठी याला विचार करावा लागतो. संध्याकाळी तो थकून बसतो, आणि आपण म्हणतो, याने दिवसभर केले तरी काय?

काल नाडी बांधलीस, मग आज का जमत नाही? हा प्रश्न वरवर पाहता तर्कशुद्ध आहे. लंगडणाऱ्याची असमर्थता दिसते आणि रोज सारखी दिसते. याची दिसत नाही आणि रोज सारखीही नसते. जे एकदा जमले ते नेहमीच जमले पाहिजे, हे गृहीतक आपण मुलांना सहज लावतो. स्वतःच्या नमाजमधील एकाग्रतेला एकदा लावून पाहावे.

अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही, ही ग्वाही सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत आहे. शरीअतने ती किती बारकाईने व्यवहारात आणली ते पाहा. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून, ज्याला बसताही येत नाही त्याने कुशीवर होऊन नमाज अदा करावी, अशी मुभा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. बसून नमाज पढणाऱ्याकडे मशिदीत कोणी दाखला मागत नाही. आपली कुवत तो जाणतो, आणि त्याच्या हेतूचा निवाडा अल्लाहकडे आहे. नाडी न बांधता आलेल्या मुलाकडून मात्र रोज सकाळी पुरावा मागितला जातो.

कोणी म्हणेल, अशाने मुले आळशी होतील. शंका रास्त आहे. या मुलांनाही सराव हवा. किंबहुना इतरांहून अधिक हवा, कृतीचे लहान टप्पे पाडून, पुन्हा पुन्हा. परंतु पाणउतारा म्हणजे सराव नव्हे. हजरत अनस (रजि.) कोवळ्या वयापासून दहा वर्षे प्रेषितांच्या सेवेत होते, त्या काळात प्रेषितांनी आपल्याला कधी ‘उफ्’ देखील म्हटले नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. दहा वर्षांच्या घरकामात एका मुलाच्या हातून काहीच पडले-सांडले नसेल, हे संभवत नाही.

आता हसण्याविषयी. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) अराकच्या झाडावरून मिस्वाकसाठी काडी तोडत होते. त्यांच्या पोटऱ्या फार बारीक होत्या. वाऱ्याने त्यांचा तोल जाऊ लागला आणि पाहणारे हसले. मुसनद अहमदमधील या प्रसंगात हसणारे शत्रू नव्हते, सहाबी होते, हे ध्यानात घ्यावे. चांगली माणसेही हसतात. प्रेषितांनी आधी हसण्याचे कारण विचारले आणि मग शपथपूर्वक सांगितले, की त्या पोटऱ्या तराजूत उहुद पर्वताहून जड भरतील. इब्न मसऊद कुरआनचे थोर जाणकार होते. पाय बारीक असले तरी पठण किती सुंदर, असे म्हणता आले असते. आपण तसेच म्हणतो: हात वेंधळे आहेत, पण गणितात हुशार आहे. प्रेषितांनी ही भरपाईची भाषा वापरली नाही. ज्या पोटऱ्यांना लोक हसले, त्यांचेच वजन सांगितले. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. भरपाईला दाखवण्याजोगा गुण प्रत्येक मुलाकडे असेलच असे नाही. ज्याच्याकडे तो नाही, त्याची प्रतिष्ठा कशावर उभी राहणार?

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत उपहास आणि टोपणनावे या दोहोंना एकत्रच मनाई आहे, आणि तेथे स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही अडचण मुलग्यांमध्ये अधिक आढळते, परंतु मुलीला बसणारी झळ वेगळी असते. भाकरी गोल थापली जात नाही, मेंदी रेखता येत नाही, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे हिंदकळतो आणि घरात कुजबूज सुरू होते: हिला स्थळ कसे मिळायचे? मग तिला पाहुण्यांपासून लपवतात, आईला बोल लावतात, नजर लागल्याचे ठरवून तावीज बांधतात. दुआ जरूर करावी. पण दुआ करून बालरोगतज्ज्ञाकडे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाण्यास कोणी मनाई केलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात, विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये, डिस्प्रॅक्सियाचा नामोल्लेख आहे. दिव्यांग हा शब्द कानी पडताच पालक मागे सरतात. त्या शब्दाची लाज वाटते, तर ‘वेंधळा’ या शब्दाची का वाटू नये?

मकतबाच्या उस्तादांनाही थोडे सांगायचे आहे. तख्तीवरील अक्षर वाकडे येत असेल तर त्या मुलाचा सबक तोंडी घ्यावा. त्याला वजूला वेळ लागतो, म्हणून इतरांच्या पाच मिनिटे आधी उठवावे. सजद्यात जाताना तो मागे राहिला किंवा शेजाऱ्याला धडकला, तर सर्वांदेखत त्याला शेवटच्या सफेत धाडू नये. कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी मोबदला आहे, ही हदीस आपण मुलांना शिकवतोच. तिचा विस्तार अडखळत लिहिणाऱ्या हातापर्यंत करता येईल काय, यावर जाणत्या उलेमांनी बोलावे. माझा कल होकाराकडे आहे.

आणि येत्या रमजानमध्ये इफ्तारीला सरबत वाटण्याचे काम त्यालाही द्यावे. पेले अर्धेच भरावेत.