बिघडलेलं मशीन

दोरीवर कपडे वाळत घालता घालता तिचा डावा हात गळून जायचा. खाली घेतला की दोन मिनिटांत बरा. महिनाभर अंगात कसर होती, वजनही उतरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “द्राक्षाच्या हंगामात राबलीस ना, त्याचंच असेल. दवाखान्यात जाऊन ये.”

सिस्टरनं डाव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. पट्टा फुगला, उतरला, पुन्हा फुगला. पडद्यावर ‘एरर’.

“मशीन बिघडलंय,” म्हणत तिनं पट्टा उजव्या दंडाला बांधला. 126 वर 80. केसपेपरवर तेवढंच उतरलं. पुढच्या खेपेला नवं मशीन आलं होतं. डाव्या दंडावर तेही ‘एरर’च दाखवू लागलं. “आजकालचा मालच असला!”

तिसऱ्या खेपेला खुर्चीत एक म्हातारे डॉक्टर होते. “दोन मशिनं बिघडली, आणि दोन्ही डाव्याच हातावर?” त्यांनी तिची दोन्ही मनगटं एकदम धरली. उजवीकडे ठोके पडत होते, डावीकडे काहीच लागेना. गळ्याच्या हाडाखाली स्टेथोस्कोप ठेवला, तर फटीतून वारा घुसावा तसा आवाज.

“मशीन खरंच सांगत होतं, पोरी. या हाताला रक्तच कमी पोचतंय. ताकायासु म्हणतात याला. मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजतात, तरण्या बायकांत जास्त. 1908 साली जपानच्या मिकितो ताकायासु या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं. अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी सांगितलं.”

गोळ्या सुरू होण्याआधीच तिला पुण्याला पेट-सीटी स्कॅनसाठी पाठवलं. स्टिरॉइडनं सूज दबली तर स्कॅनमध्ये दिसत नाही. सहा तास उपाशीपोटी, मग किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन, मग तासभर गुमान पडून राहायचं. सुजेतल्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. पडद्यावर महाधमनीची कड आणि डाव्या हाताकडे जाणारी फांदी चुलीतल्या निखाऱ्यासारखी उजळली. अँजिओग्राफीनं वाट किती अरुंद झाली ते दाखवलं, पेटनं भिंत अजून धगधगतेय ते.

सहा महिने गोळ्या घेतल्यावर पुन्हा स्कॅन झाला. धग निवली होती. आकसलेली वाट मात्र तशीच होती.

परतल्यावर ती दवाखान्यात गेली. सिस्टरनं सवयीनं उजव्या दंडाकडे पट्टा नेला. तिनं डावा हातही टेबलावर ठेवला. “यालाही विचारा.” पट्टा फुगला, उतरला. ‘एरर’. या वेळी सिस्टरनं केसपेपरवर लिहिलं : डावा हात – बीपी लागत नाही.

लाखमोलाच्या यंत्रानं जे चित्रात दाखवलं, त्याची खूण दंडाच्या पट्ट्यानं पहिल्याच दिवशी दिली होती. नको ते उत्तर देणाऱ्याला बिघडलेलं ठरवण्याआधी त्याचं म्हणणं लिहून ठेवावं.