रिद्धपूरचा ओटा आणि विक्रांतचा धातू

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला पहिल्यांदा आलेला माणूस थोडा बुचकळ्यात पडतो. गोविंदप्रभूंचे हे गाव, महानुभाव पंथाची काशी. पण प्रभू जिथे बसले, जिथे थांबले, त्या जागी पाहायला बहुधा एक ओटाच असतो. नाक नाही, डोळे नाहीत, कोरीवकाम नाही. तरी लोक वाकून डोके टेकवतात. अवताराचा त्या जागेशी संबंध आला, मान त्या संबंधाला आहे. ओट्यावर पुढे चुना चढो, सिमेंट चढो की संगमरवर, मान कमी होत नाही. ओटा कोणासारखा दिसतो हा प्रश्नच तिथे कोणाला पडत नाही.

स्केल मॉडेल बनवणाऱ्याला मात्र दिवसरात्र तेवढाच प्रश्न असतो.

त्याचे विमान 1:72चे, रणगाडा 1:35चा. साच्यातून निघालेले ते प्लास्टिक खऱ्या विमानाच्या आसपासही कधी गेलेले नसते. संबंध शून्य, भिस्त सगळी सारखेपणावर, आणि शेवटी रंगाच्या पातळ थरावर. म्हणून तर एवढा खटाटोप. एअरब्रशचे तोंड 0.2 किंवा 0.3 मिलिमीटरचे, कॉम्प्रेसरचा दाब साधारण 15 ते 20 पीएसआय, आणि थिनर घालून दुधाइतका पातळ केलेला लॅकर. रंग घट्ट राहिला तर तोंड तुंबते. ब्रश लांबून धरला तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. लॅकरचे द्रावक प्लास्टिकला किंचित चावते, म्हणून थर पक्का बसतो. पण तेच द्रावक खालचा इनॅमलचा थर उचलूही शकते. म्हणून जाणकार लॅकर आधी मारतात, तो पूर्ण वाळू देतात आणि मग इनॅमलचा वॉश, म्हणजे पातळ थर, फिरवतात, कारण इनॅमलचे सौम्य थिनर वाळलेल्या लॅकरला फारसे काही करत नाही.

या द्रावकांच्या वाफा विषारी असतात आणि पेटही घेतात. कापडी मास्क किंवा एन-95 धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. शेजारच्या देवघरात समई तेवत असेल तर काम पुढे ढकललेले बरे.

एवढे करूनही सारखेपणा सरळ हाती येत नाही. खऱ्या विमानाचा हुबेहूब रंग छोट्या मॉडेलवर मारला की तो गडद वाटतो. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो, मधली हवा तिचा रंग फिका करते. मॉडेल हातभर अंतरावर असते, म्हणून बरेच जण रंगात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळतात. म्हणजे खऱ्यासारखे दिसावे म्हणून खऱ्यापासून ढळायचे!

मग मूळ वस्तूच्या जास्त जवळ कोण, तिच्यासारखा दिसणारा की तिच्या स्पर्शातला? महाराष्ट्राने हा प्रश्न काही वर्षांपूर्वी पाहिला आहे, भंगाराच्या रूपात. 1961 साली नौदलात आलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 साली तिची तोडणी सुरू झाली. त्या भंगारातला धातू बजाज ऑटोने घेतला आणि 2016 साली तो वापरून ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली. मोटारसायकल काही युद्धनौकेसारखी दिसत नाही. पण तिच्यात विक्रांतचा धातू आहे. उलट कोणा हौशी माणसाच्या कपाटातली विक्रांत डेकपासून डोलकाठीपर्यंत हुबेहूब, आणि तिच्यात विक्रांतचा कण नाही. रिद्धपूरच्या तर्काने न्याय करायचा तर मोटारसायकल ओट्याच्या रांगेत बसेल, मॉडेल बाहेर राहील. (जाहिरात करणाऱ्यांनी महानुभाव तत्त्वज्ञान वाचले असेल असे वाटत नाही, पण माणसाच्या मनातली ही जागा त्यांना अचूक सापडली होती.)

पण निकाल इतका सोपा नाही, आणि अडचण रिद्धपुरातूनच येते. स्पर्श पुरेसा होता, तर याच गावात, वाजेश्वरीला बसून, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या एकेका लीळेचा, म्हणजे प्रसंगाचा, तपशील कशासाठी जमवला? कोण कुठे बसले, काय बोलले, कोणासमोर बोलले, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडे जाऊन विचारले. त्यातून झालेली मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली, तेव्हा आठवणीतून ती पुन्हा उभी करणाऱ्यांनी वेगवेगळ्या जणांचे पाठ वेगवेगळे नोंदवून ठेवले; आपल्या सोयीने एकच गुळगुळीत करून टाकला नाही. ‘स्थानपोथी’ तर जागांचीच नोंद ठेवते: स्थान कोणत्या गावी, देवळाचे दार कोणत्या दिशेला. अवतार डोळ्यांसमोर नसताना भक्ताला उरते ते स्मरण, आणि स्मरणाला बारकावे लागतात. ओटा नमस्कारासाठी, पोथी आठवणीसाठी. दोघांच्या कामात गल्लत नाही.

मॉडेलची जागा पोथीशेजारी आहे. त्याला कोणी नमस्कार करू नये. पण त्याने चुकीची आठवणही सांगू नये. इथे हौशी मंडळींचे एक लाडके काम संशयास्पद ठरते, ते म्हणजे वेदरिंग. गंज, तेलाचे ओघळ, उडालेले पोपडे. रंगाखाली हेअरस्प्रेचा थर देऊन पाण्याने वरचा रंग खरवडायचा, की पोपडे अगदी खरे वाटतात. छायाचित्र पाहून केले तर ती नोंद. नुसते छान दिसते म्हणून केले तर ती त्या यंत्राच्या नावावर खपवलेली खोटी लीळा, मग हात कितीही कसलेला असो.

वऱ्हाडात याची कसोटी लागेल ती ‘शकुंतला’वर. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे पूर्वी जाणाऱ्या या नॅरोगेज गाडीला मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन 1994पर्यंत ओढत होते. रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. 1:87 स्केलमध्ये ते 8.76 भरते आणि मॉडेलवाले 9 मिलिमीटरच्या तयार रुळांवर भागवतात. पाव मिलिमीटरची ही तडजोड उघड आहे, कोणीही मोजू शकतो. रंगाचे तसे नाही. कोळशाची काजळी कुठे बसायची, पाण्याच्या टाकीखाली गंज किती होता, हे अंदाजाने ठरवून चालणार नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथल्या ज्या घरांत त्या इंजिनाचे रंगीत फोटो असतील, त्यांनी फोटोमागे साल, स्टेशन आणि आठवतो तो रंग आजच लिहून ठेवावा. आणि दोन भावांना दोन वेगळे रंग आठवत असतील तर दोन्ही लिहावेत.