मिथ्या जखम, खरा सराव

जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनसारख्या गावात १०८ची रुग्णवाहिका पोचते, तेव्हा पहिली मिनिटं कर्मचाऱ्याच्याच हाती असतात. त्या हातांना आता संगणकी चष्म्यातून सराव देता येतो: पुतळ्यावर भळभळती जखम दिसते, ओठ निळे पडतात.

जखम खोटी. मग तिच्यापुढे शिकलेली करुणा खरी का?

सुश्रुतसंहितेनेही छेदनाचा सराव कोहळ्यावर, पट्ट्या बांधण्याचा पुतळ्यावर सांगितला आहे. वेदान्तातला दोरीवर भासणारा साप मिथ्या, पण त्याला पाहून फुटलेला घाम खराच. हृदय थांबल्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबण्याची लयही खोट्या छातीवर अंगात मुरते.

करुणेचं तसं नाही. चष्म्यातला रुग्ण घाबरून मनगट घट्ट धरत नाही. म्हणून पट्टी बांधायला शिकताना कण्हणारा, प्रश्न विचारणारा जिवंत सहकारीही समोर हवाच.