एक टिक कडक

माणसानं किती वाकावं, हा प्रश्न थेट धर्मग्रंथांपासून हार्बर लोकलच्या चौथ्या सीटपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. आम्ही पनवेलकर त्यातल्या त्यात भाग्यवान. गाडी आमच्याच स्टेशनातून सुटते, म्हणून खिडकी मिळते. आणि खारघर येईतो कुणीतरी "जरा अ‍ॅडजस्ट करा हो" म्हणत टेकतोच! या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर मात्र ना कीर्तनात मिळालं, ना बँकेच्या ट्रेनिंगमध्ये. ते मिळालं एका गॅरेजात.

आमच्या पुतण्यानं मोटारीला अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन बसवून घेतलं. म्हणजे स्प्रिंगखाली आटे असलेली एक चकती. पाना लावून ती वर चढवायची. बघ्यांचं एकमत झालं, की चकती पिळली की स्प्रिंग कडक होते. मिस्त्री म्हणाले, "छे हो साहेब, स्प्रिंग आहे तीच राहते. गाडी तेवढी उचलते, आणि स्प्रिंगनं कुठून वाकायला लागायचं ते ठरतं."

वा! आमच्या घरी गेली वीस वर्षं माझी चकती पिळणं चालू आहे. स्प्रिंग कंपनीची आहे तीच. स्वभाव बदलत नाही. कुठून नमतं घ्यायचं, एवढंच आपल्या हाती.

आता स्प्रिंग ही हिशेबाला फार चोख. जेवढा दणका जमा, तेवढा परत. नुसत्या स्प्रिंगवर सोडली तर गाडी एका खड्ड्यापायी फर्लांगभर उड्या मारील. म्हणून शॉकअप. त्यातलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं, दणक्याची उष्णता होते आणि ती वाऱ्यावर निघून जाते. कुणालाच काही परत मिळत नाही. काउंटरवर गिऱ्हाइकाचं ऐकून घेऊन घरी पोरांवर खेकसणारा कारकून म्हणजे शॉकअप गेलेली गाडी.

मग सगळं मऊच ठेवावं का? पनवेलहून दोन रस्ते निघतात. पुण्याकडचा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. तिथं फार मऊ गाडी वेगात झुलते. दुसरा गोव्याकडचा. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षांनीही पुरं झालं नव्हतं; तिथं कडक गाडी मणके मोजून हातात देते.

पण मला खरी धास्ती आहे ती सेटिंग फारच उत्तम जमण्याची. खड्डा ज्याला कळतच नाही, तो खड्ड्याविरुद्धच्या अर्जावर सही कशाला करील? आणि मागून येणाऱ्या एस.टी.च्या शेवटच्या बाकावरची म्हातारी मात्र उडतच राहते. सोसणं हा सद्गुण खराच. पण आपल्याला सोसावं लागत नाही म्हणून गप्प बसणं, याला काय म्हणायचं?

शॉकअपला कमी-जास्त करायचं एक बटण असतं, टिक टिक फिरणारं. मी पुतण्याला म्हटलं, "एक टिक कडक ठेव."

"काका, याला कम्फर्ट म्हणत नाहीत."

"नाहीच म्हणत. याला नागरिकशास्त्र म्हणतात."